वरचं बीपी, कडक झालेली महाधमनी आणि वडिलांचं विसरणं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७२ वर्षांचे, कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर उभं आयुष्य गेलेलं. एका आरोग्य शिबिरात त्यांच्या दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टे बांधून तपासणी केली. रिपोर्टवर १८४० सेंटिमीटर प्रति सेकंद असा आकडा आला, शेजारी लाल पट्टी, आणि खाली ‘रक्तवाहिन्यांचं वय ८४’. त्या वेळी बीपी १६६/७२ होतं. वर्षभरात वडील थोडे मंदावलेत. पूर्वी तोंडी करायचे तो हिशोब आता कागदावर मांडतात आणि तरी चुकतो, गप्प गप्प असतात, चालही सावकाश झालीय. मुलानं नेटवर वाचलं की धमन्या कडक झाल्या की डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, होतो आणि मर्यादा सेकंदाला १० मीटरची आहे, तेव्हापासून घरात झोप नाही. शिबिरवाल्यांनी ‘नसा मऊ करणारं’ २० बैठकांचं पॅकेज सुचवलंय. नेहमीचे डॉक्टर म्हणाले, वरचं वयामुळे वाढतंच, खालचं छान आहे. शेवटी मुलानं ओघात लिहिलंय की तो स्वतः ४७ वर्षांचा आहे, त्याचं १४८/९४ येतं, पण ते धावपळीमुळे.

लाल पट्टीपासून सुरू करू, कारण घर तिनं हादरवलंय.

हृदयाचा ठोका पडला की दाबाची एक लाट धमन्यांच्या भिंतींतून पुढे धावते. रक्त मागून सावकाश येतं, लाट त्याच्या कितीतरी पुढे असते. भिंत जितकी कडक तितकी लाट वेगवान, म्हणून तिचा वेग मोजला की कडकपणाचा अंदाज येतो. तुम्ही वाचलेली १० मीटरची मर्यादा मान ते जांघ या अंतरात मोजलेल्या वेगाची आहे. तो मार्ग मुख्यतः महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या नळीचा. वडिलांची तपासणी दंड ते घोटा अशी झाली. तिच्यात पायांच्या धमन्याही धरल्या जातात आणि त्या मुळातच जास्त कडक असतात, त्यामुळे या पद्धतीत आकडा नेहमी मोठाच येतो. ही पद्धत जपानमध्ये जास्त रुळलेली आहे आणि तिथं जास्त जोखमीची रेघ १८०० वर ओढतात. म्हणजे वडील रेघेच्या किंचित वर आहेत. तुम्ही १८४० सेंटिमीटरचे १८.४ मीटर करून त्याची तुलना १० शी केलीत आणि दुप्पट समजून बसलात. शिवाय त्या क्षणी वरचं बीपी १६६ होतं. दाब जास्त असताना तीच धमनी जास्त ताणलेली असते आणि वेग जास्त दाखवते. बीपी आटोक्यात आल्यावर तीच तपासणी केली तर आकडा बहुधा खाली आलेला दिसेल. ‘वय ८४’ हे मशिनच्या सॉफ्टवेअरमधल्या तक्त्यातून निघतं, त्याला मी फारसं महत्त्व देत नाही. लोकांना कळावं म्हणून ते छापतात आणि लोकांना त्यातून फक्त भीती कळते.

आता १६६/७२. काळजी करायची तर याची करा.

ओपीडीत हे रोज ऐकतो, “डॉक्टर, खालचं ७२ म्हणजे तरण्या पोरासारखं हाय की!” वर-खालच्या आकड्यांतलं अंतर कोणी बघतच नाही. इथं ते ९४ आहे. साधारण ४० च्या आसपास असावं, ६० च्या वर गेलं की मी थांबून विचार करतो. तरुणपणी महाधमनी लवचीक असते. प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त एकदम तिच्यात येतं. ती फुगते, त्यातलं बरंचसं रक्त क्षणभर पोटात धरते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळेत हळूहळू पुढे सोडते. स्टीफन हेल्स या इंग्रज संशोधकानं १७३३ मध्येच याची तुलना त्या काळच्या आगीच्या बंबातल्या हवेच्या कोठीशी केली होती. माणसं दांडा वर-खाली करून पाणी हिसक्याहिसक्यानं ढकलायची, पण मधल्या कोठीतली हवा दबून पुन्हा फुलायची, त्यामुळे नळीतून धार मात्र सलग निघायची. पुढे १८९९ मध्ये ऑटो फ्रँक या जर्मन शास्त्रज्ञानं ते गणितात बसवलं.

वयाबरोबर ही कोठी कडक होते. धमनीच्या भिंतीतले इलॅस्टिनचे लवचीक धागे आयुष्याच्या सुरुवातीला तयार होतात, मोठेपणी नवे जवळजवळ बनत नाहीत. कोट्यवधी ठोक्यांनी ते तुटत जातात आणि त्यांची जागा कडक कोलॅजेन घेतं. मधुमेह असेल तर जादा साखर या धाग्यांना एकमेकांशी चिकटवते. वर्षानुवर्षं न आवरलेलं बीपी, तंबाखू आणि मूत्रपिंडाचा आजार हे काम आणखी लवकर उरकतात. मग ठोका पडला की फुगायला जागा नसते, म्हणून वरचा दाब उसळतो. मधल्या वेळेत सोडायला साठा नसतो, म्हणून खालचा घसरतो. म्हणजे ज्या ७२ वर तुम्ही खूश आहात, तेही बहुधा त्याच कडकपणातून आलेलं आहे. साठीनंतर वरचं वाढत जाणं आणि खालचं उतरत जाणं हा क्रम अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या अनेक दशकांच्या पाहणीत स्पष्ट दिसला आहे. असं होतं हे खरं. पण वाढत्या वयात मोतीबिंदूही होतो, आणि तो आपण तसाच ठेवत नाही.

इथं एक गैरसमज दूर करतो, कारण पॅकेजवाल्यांचा धंदा त्यावरच चालतो. ब्लॉकेज वेगळं आणि कडकपणा वेगळा. ब्लॉकेजमध्ये धमनीच्या आतल्या अस्तरात चरबी साचून वाट अरुंद होते. कडकपणात वाट मोकळी असते, भिंतच ताठ झालेली असते. दोन्ही एकाच माणसात सापडतात, पण अँजिओग्राफी स्वच्छ आली म्हणजे महाधमनी लवचीक आहे असं समजू नका.

मेंदूचा संबंध इथून सुरू होतो. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तातलं १५ ते २० टक्के तो घेतो. एवढं रक्त दिवसरात्र लागतं म्हणून त्याच्या बारीक वाहिन्या सताड उघड्या असतात, प्रवाहाला अडवत नाहीत. मूत्रपिंडाचंही तसंच. तरुणपणी मऊ महाधमनी आणि तिच्यापेक्षा कडक मानेच्या धमन्या यांच्या सांध्यावर दाबाच्या लाटेचा काही भाग परत फिरतो, आणि आतल्या नाजूक वाहिन्या वाचतात. महाधमनी मानेच्या धमन्यांइतकीच कडक झाली की हा फरक संपतो. लाट न अडता आत शिरते आणि प्रत्येक ठोक्याचा हिसका केसासारख्या वाहिन्यांपर्यंत पोचतो. आइसलँडमधल्या वयस्कर लोकांवरच्या मोठ्या अभ्यासात हे जोडून दाखवलं गेलं. वर्षानुवर्षांच्या हिसक्यांनी त्या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, काही बुजतात, काही पाझरतात. एमआरआयमध्ये मग मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागात डाग दिसतात, बारीक खड्डे दिसतात, कधी सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके.

हे नुकसान प्रामुख्यानं मेंदूच्या आतल्या जोडण्यांचं असतं. म्हणून अशा माणसाची आठवण एकदम पुसली जात नाही, आधी गती जाते. हिशोबाला वेळ लागतो, दोन कामं एकत्र जमत नाहीत, पुढाकार जातो, स्वभाव गप्प होतो, पावलं आखूड पडतात. तुम्ही वडिलांचं जे वर्णन केलंय ते या चित्राच्या जवळ जातं. निदान मात्र पत्रावरून होत नाही, त्याकडे पुढे येतो. अल्झायमरमध्ये सुरुवात साधारणपणे ताज्या आठवणींपासून होते, सकाळी काय खाल्लं ते संध्याकाळी सांगता येत नाही. प्रत्यक्षात वयस्कर मेंदूत दोन्हींची सरमिसळ असते. पिट्सबर्गमधल्या संशोधकांनी पीईटी स्कॅन करून पाहिलं, तेव्हा ज्यांच्या धमन्या जास्त कडक होत्या त्यांच्या मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरशी जोडलं जाणारं प्रथिनही जास्त साठलेलं आढळलं.

मग कडक धमनी म्हणजे डिमेन्शिया ठरलेलाच का? नाही. पिट्सबर्गच्याच सरासरी ७८ वर्षांच्या ३५६ जणांवर १५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यात महाधमनी जास्त कडक असलेल्यांना डिमेन्शिया होण्याची शक्यता सुमारे ६० टक्क्यांनी जास्त दिसली. पण नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या आधीच्या अभ्यासात असा संबंध आढळला नव्हता. जोखीम ६० टक्क्यांनी जास्त याचा अर्थ १०० पैकी ६० जणांना होतो असा नाही, हे ठळक सांगतो, कारण नेटवरचे मथळे ते तसंच वाचायला लावतात. आपल्या देशात साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये १४ टाळता येण्याजोग्या कारणांची यादी दिली आणि ती सगळी काढून टाकली तर सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असं म्हटलं. त्या यादीत मधल्या वयातलं वाढलेलं बीपी आहे, धमनीच्या लाटेचा वेग नाही.

कारण सरळ आहे. वेग कमी करणारी वेगळी गोळी आज आपल्याकडे नाही, बीपीची आहे. आणि बीपी उतरवल्यावर मेंदूला काय मिळतं हे चाचण्यांत तपासलंय. वरचंच वाढलेल्या वयस्कर माणसांवर युरोपात सिस्ट-यूर नावाची चाचणी झाली. १९९८ च्या निष्कर्षात उपचार घेणाऱ्यांत डिमेन्शिया जवळजवळ निम्म्यावर आला होता, पण एकूण रुग्ण थोडेच होते, म्हणून मी त्या आकड्यावर फार उड्या मारत नाही. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत ९३६१ जण होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या मेंदूविषयक भागात वरचं १२० च्या खाली ठेवलेल्यांत डिमेन्शियाच्या आधीची विस्मरणाची पायरी १९ टक्क्यांनी कमी दिसली. प्रत्यक्ष डिमेन्शियातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. मला सर्वांत जवळची वाटते ती चीनच्या खेड्यांतली चाचणी, २०२५ मध्ये आलेली. ३२६ गावं, सुमारे ३४ हजार माणसं, आणि गोळ्या देऊन पाठपुरावा करणारे होते गावातलेच प्रशिक्षित डॉक्टर. चार वर्षांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी. त्याला ना महागडं मशीन लागलं, ना बैठका. गोळ्या नियमित मिळाल्या आणि कोणीतरी महिन्या-महिन्याला दार ठोठावून विचारलं. शिरोळ-कागलच्या खेड्यांतही हे जमण्यासारखं आहे असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

तेव्हा वडिलांच्या वरच्या १६६ ला उपचार हवेत. गोळ्यांनी ‘खालचं आणखी उतरेल’ अशी भीती काही डॉक्टरांना वाटते, ती पूर्ण चुकीची नाही. खालचं ६० च्या पार खाली गेलं आणि हृदयाचा आजार असेल तर सांभाळून जावं लागतं. पण इथं ७२ आहे, जागा आहे. अशा रुग्णांत अॅमलोडिपिनच्या गटातली किंवा क्लोरथॅलिडोनसारखी लघवीवाटे मीठ काढणारी गोळी सहसा चांगली लागू पडते, आणि दोन्ही स्वस्त आहेत. पहिलीनं पाय सुजू शकतात. दुसरी सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बघायचंच, कारण वयस्कर माणसाचं सोडियम उतरलं की तो बरळू लागतो आणि घरचे म्हणतात डिमेन्शिया आला. मी असं वरचं एकदम १२० वर आणत नाही. आधी १४० च्या खाली, मग चक्कर नसेल तर १३० च्या आसपास, दोन-तीन महिने घेऊन. दर वेळी उभं करूनही मोजतो. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं २० नं किंवा खालचं १० नं उतरलं तर गोळ्या वाढवण्याआधी थांबायचं. पडून मांडीचं हाड मोडलं तर बीपी आवरून मिळवलेलं सगळं तिथंच जातं. या गोळ्या स्वतःच्या मनानं सुरू किंवा दुप्पट करू नका, हे वेगळं सांगायला नको.

नेटवर तुम्हाला याच्या उलटही सापडेल, की ऐंशीच्या पुढे बीपी कमी असलेल्यांना डिमेन्शिया जास्त. गोंधळू नका. डिमेन्शिया उघड व्हायच्या आधीच्या काही वर्षांत वजन आणि बीपी आपसूक उतरतात, त्यामुळे तिथं कमी बीपी बऱ्याचदा आजाराच्या मागून आलेलं असतं.

मोजण्याबद्दल. दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको, आणि पट्टा दंडाच्या मापाचा असू दे. सकाळी गोळी आणि चहाच्या आधी, लघवी करून, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसायचं. हात छातीच्या उंचीवर टेकवायचा. मिनिटभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं, संध्याकाळी पुन्हा, असं आठवडाभर. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढून डॉक्टरांना दाखवा. जिना चढून आल्या आल्या, शेजाऱ्याशी राजकारण बोलत घेतलेला आकडा मला काही सांगत नाही. मधुमेह असो नसो, वडिलांची लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही करून घ्या. मूत्रपिंडाच्या वाहिन्या मेंदूसारख्याच उघड्या असल्यानं तिथलं पाझरणं हे आतल्या बारीक वाहिन्यांची खबर देतं, आणि ती कोणत्याही साध्या लॅबमध्ये होते.

खाण्यात आपल्या कोल्हापूरचा खरा दोष तिखटात नाही, मिठात आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे घरातला एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. मिसळीचा कट, वर फरसाण, शेजारी पाव, दुपारी लोणचं-पापड, रात्री खर्डा, रविवारी तांबडा-पांढरा, यात तो चमचा न्याहारीलाच बऱ्यापैकी रिकामा होतो. वयस्कर माणसांची कडक धमनी मिठाला तरुणांपेक्षा जास्त प्रतिसाद देते, त्यामुळे कमी केल्याचा फायदाही त्यांना जास्त. पोटॅशियमचं मीठ मिळतं, चीनमधल्या मोठ्या चाचणीत त्यानं पक्षाघात कमी झाले. पण मूत्रपिंड कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका. तंबाखू बंद. आणि घरातल्या आजींना मिसरीबद्दल विचारा, डॉक्टर सहसा विचारत नाहीत आणि त्या आपणहून सांगत नाहीत.

चालण्यानं धमन्यांचा कडकपणा थोडा कमी होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. रंकाळ्यावर जाता येत असेल तर आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतक्या वेगानं. तालीम सुटली पण तालमीतला खुराक सुटला नाही अशी मंडळी आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांना हे जास्त लागू. रंकाळा फिरून परत येताना मिसळ खाणाऱ्यांना मी काही बोलत नाही, ते माझंही ऐकत नाहीत.

पॅकेज घेऊ नका. कोणत्याही बैठकांनी महाधमनीतलं तुटलेलं इलॅस्टिन परत येत नाही. त्या पैशात चांगलं बीपी मशीन, दोन-तीन वर्षांच्या गोळ्या आणि कानाचं यंत्र लागणार असेल तर त्याचा काही भाग निघेल.

कान मुद्दाम म्हटलं. वडील गप्प झालेत, तर आधी ऐकू येतंय का ते तपासा. विसरण्याची चौकशी स्वतंत्रपणे करायला हवी, बीपीवर ढकलून मोकळं होऊ नये. व्हिटॅमिन बी-१२ पाहा, विशेषतः शाकाहारी असतील किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर. थायरॉइड, सोडियम, साखर पाहा. झोपेच्या, सर्दीच्या आणि वारंवार लघवीसाठी दिलेल्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा, यातल्या काही थेट स्मरणावर बसतात. उदासीनता आहे का? अडत बंद झाल्यावर, सोबती गेल्यावर माणूस असाच मंदावतो, आणि ते बरं होतं. मधे कधी पडून डोक्याला मार लागला होता का, तेही आठवा, मेंदूभोवती हळूहळू साठलेलं रक्त महिन्याभरानं असंच दिसतं. मग स्मरणाची कागदी चाचणी आणि गरज वाटली तर एमआरआय. खासगीत परवडत नसेल तर सीपीआरला, आपल्या सरकारी रुग्णालयात, दाखवा. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत वर्ष काढू नका. बोलणं अचानक जड झालं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात पडला तर मात्र ओपीडीची वाट न बघता तासाभरात इस्पितळ गाठायचं.

राहिला तुमचा १४८/९४. या सगळ्या पत्रात माझी नजर त्यावर जास्त अडकली. तुमच्या वयात खालचंही वाढलेलं असतं, कारण महाधमनी अजून बऱ्यापैकी लवचीक आहे, आणि वाचवण्यासारखं तिच्यातच जास्त शिल्लक आहे. लॅन्सेटच्या यादीत बीपीसमोर ‘मधलं वय’ लिहिलंय ते तुमचं वय. वडिलांसाठी मशीन आणाल त्याच आठवड्यात स्वतःचंही मोजा, वर सांगितलं त्याच पद्धतीनं. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्यावर आली तर धावपळ हे कारण धरू नका. साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं अल्ब्युमिन आणि ईसीजी करून डॉक्टरांकडे जा. गोळी लागली तर घ्या, आणि बीपी नॉर्मल आलं म्हणून ती बंद करू नका, ते गोळीमुळे नॉर्मल आलेलं असतं.